रसग्रहण आम्हाला येत होतं

मराठी माध्यमातून दहावी झालेलं पोरगं इंग्रजी माध्यमाच्या आर्ट्सला निघालं की घरीदारी एकच सल्ला मिळतो: आधी बोलायचा क्लास लाव, कविता-नाटकं नंतर बघू. मलाही तोच मिळाला होता. अकरावी-बारावीचं इंग्रजी साहित्य वाचून आणि बोर्डाचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर माझं मत नेमकं उलट झालं आहे. वाचता वाचता भाषा येते. आणि वाचायचं कसं, हे मराठी शाळेने आम्हाला आधीच शिकवून ठेवलेलं असतं. ते इथेही चालतं, एवढंच कोणी सांगत नाही. दर पावसाळ्यात अकरावीच्या प्रवेशानंतर धास्तावलेली मुलं दिसतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी भांडुपची. २०२२ साली दहावीचा निकाल लागल्यावर ऑनलाइन प्रवेशाचे दोन्ही भाग भरले, पसंतीक्रमात दादर-माटुंग्याकडची कॉलेजं वर टाकली आणि त्यातल्याच एका कॉलेजच्या यादीत नाव लागलं. आर्ट्सच का, ही चर्चा प्रत्येक घरात होते. आमच्याकडेही झाली आणि मिटली.

वर्गात निम्मी मुलं इंग्रजी शाळांतून आलेली. ती फळ्याकडे न बघताही मॅडमशी बोलायची. आम्ही मराठी माध्यमवाले खिडकीकडच्या बाकांवर जमलो, कोणी न सांगता. इंग्रजीचं पुस्तक म्हणजे बालभारतीचं युवकभारती. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, सगळ्यांना तेच. त्याचे चार विभाग: गद्य, पद्य, लेखनकौशल्य, आणि चौथा साहित्यप्रकाराचा. तिथे अकरावीला नाटक असतं, बारावीला कादंबरी. लेखी ८० गुण, तोंडी २०. बारावीच्या पेपरात कवितेला १४ आणि कादंबरीला १६. म्हणजे ८० पैकी ३० गुण सरळसरळ साहित्याचे, गद्य पाठ वेगळेच. तरी हा विषय बहुतेक ठिकाणी व्याकरणासारखा शिकवला जातो. गाईड आणायचं, उत्तरं पाठ करायची, पेपरात उतरवायची. मी ज्या क्लासला सुरुवातीला जात होते तिथे तर कविता वाचलीच जायची नाही. सर फळ्यावर 'थीम' लिहायचे आणि आम्ही ती वहीत उतरवून घ्यायचो. कविता पुस्तकात मिटलेलीच राहायची. मी तो क्लास दिवाळीआधी सोडला.

सोडता आला तो कॉलेजातल्या मॅडममुळे. त्यांचा नियम साधा होता आणि तो त्यांनी दोन्ही वर्षं मोडू दिला नाही. पहिलं वाचन मोठ्याने, डिक्शनरी न उघडता. अडखळलात तरी ओळ पूर्ण करायची. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन, जिथे कान अडकला तिथे खूण करायची. तिसऱ्या वाचनाला डिक्शनरी, तीही फक्त ज्या शब्दावाचून वाक्यच उलगडत नाही तेवढ्यासाठी. माझी आधीची सवय अशी की प्रत्येक अनोळखी शब्दाचा अर्थ त्याच्या डोक्यावर पेन्सिलने लिहायचा. पान भरून जायचं आणि कविता दिसेनाशी व्हायची. मोठ्याने वाचायला लागल्यावर पहिला फरक कळला तो लयीचा. रॉबर्ट सदी या इंग्रज कवीची 'द इंचकेप रॉक' ही बॅलड आहे, म्हणजे गोष्ट सांगणारं गीत, दोन-दोन ओळींचं यमक, आणि ती वाचताना समुद्र आधी संथ असतो मग खवळतो हे शब्दांच्या आधी श्वासाला कळतं. आमच्या वर्गात वरळी कोळीवाड्यातली एक मुलगी होती. भरतीला पाण्याखाली जाणारा खडक, त्याच्यावर बांधलेली घंटा, ती घंटा कापून टाकणारा समुद्री चाचा आणि शेवटी त्याच खडकावर फुटलेलं त्याचंच गलबत, हे सगळं तिने एका दमात समजावून सांगितलं. म्हणाली, आमच्याकडे प्रत्येक खडकाला नाव असतं, नाव माहीत नसलेल्या माणसाने होडी काढायची नाही. मॅडमनी तिला सांगितलं की तो खडक खरोखरचा आहे, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ, आणि १८११ पासून त्याच्यावर दीपगृह आहे. त्यावर कुलाब्याच्या प्रॉन्ग्स दीपगृहाची गोष्ट निघाली. तास संपला तरी कोणी उठलं नाही.

आता रसग्रहणाबद्दल, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

दहावीच्या मराठीच्या पेपरात आम्ही कवितेचं रसग्रहण लिहायचो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, हे तीन मुद्दे झोपेतही आठवतील इतके घोटलेले. बारावीच्या इंग्रजीत 'अॅप्रिसिएशन ऑफ द पोएम' हा चार गुणांचा प्रश्न असतो. त्यात कवी, कविता आणि शीर्षकाबद्दल लिहायचं, मग मध्यवर्ती कल्पना, मग शैली आणि अलंकार, मग संदेश आणि मूल्यं. मी दोन्हींचे मुद्दे एका कागदावर शेजारी शेजारी मांडले आणि चकित झाले. हे तर आम्ही करतच आलो होतो! उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास आम्हाला ठाऊक होते, इथे फक्त त्यांची इंग्रजी नावं लागत होती. इन्व्हर्जन, ट्रान्सफर्ड एपिथेट असे दोन-चार नवे होते, ते शिकायला किती वेळ लागणार? कविता वाचून तिच्यात काय चाललं आहे, कोण बोलतंय, ही प्रतिमा इथेच का आली, असे प्रश्न विचारायची सवय आम्हाला शाळेतल्या मराठीच्या बाईंनी लावली होती. इंग्रजी शाळेतून आलेल्या माझ्या मैत्रिणीला ती सवय नव्हती. ती सफाईने बोलायची, पण कवितेपाशी आली की 'इट इज व्हेरी नाइस' याच्या पुढे तिला वाट सापडत नव्हती. आम्ही दोघींनी करार केला. ती माझे आर्टिकल आणि प्रीपोझिशन तपासणार, मी तिच्याबरोबर कविता वाचणार. लायब्ररीत बोलू देत नाहीत म्हणून जिन्यात बसायचो. दोघींचंही भलं झालं.

अकरावीचा नाटकाचा विभाग मला सगळ्यात सोपा वाटला, आणि तो तसा वाटणारच. लहानपणापासून शिवाजी मंदिर, यशवंत नाट्यमंदिर इथे आईबरोबर नाटकं बघितलेली. शाळेत एकांकिकेत काम केलेलं. संवाद म्हणजे बोलायची ओळ आणि तिच्या मागे दडलेली न बोललेली ओळ, हे अंगात मुरलेलं. इब्सेनच्या 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' या १८८२ सालच्या नाटकाचा उतारा पुस्तकात आहे. गावात आरोग्यस्नानगृहं आहेत, त्यांच्यावर गावाची भरभराट चालू आहे, आणि डॉक्टर स्टॉकमन यांना कळतं की ते पाणीच दूषित आहे. गावचा महापौर त्यांचा सख्खा भाऊ. तो म्हणतो, हे बोलू नकोस, गाव बुडेल. मॅडमनी भूमिका वाटून दिल्या. महापौराचा भाग रिफायनऱ्या असलेल्या माहुलजवळ राहणाऱ्या एका मुलाकडे आला. त्याने पहिल्यांदा तो खलनायकी आवाजात वाचला. मॅडम म्हणाल्या, "आता असा वाच की तुझं म्हणणं तुला खरंच पटलंय." त्याने पुन्हा वाचलं, शांतपणे, समजूत घालत असल्यासारखं. वर्गात एकदम वेगळंच नाटक उभं राहिलं. नंतर तो म्हणाला, आमच्याकडे हवेच्या वासाबद्दल कोणी तक्रार केली की शेजारचे असंच बोलतात, तुझ्यामुळे सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. महापौर घराघरात असतो. हे उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नव्हतं, आणि परीक्षेत स्वभावचित्रण लिहिताना मला तेच उपयोगी पडलं.

बारावीच्या पुस्तकात सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' आहे, त्यांच्या १९०५ सालच्या 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या संग्रहातली. तीन छोटी कडवी. पहाटे विणकर नवजात बाळाचं वस्त्र विणतात, किंगफिशरच्या पंखासारखं निळं. संध्याकाळी राणीचे लग्नातले पदर, मोराच्या पिसासारखे जांभळे-हिरवे. आणि थंडीच्या चांदण्यात, गंभीर आणि निश्चल, मेलेल्या माणसाचं कफन, पांढरं. गाईडमध्ये लिहिलेलं असतं की ही आयुष्याच्या तीन अवस्थांची कविता आहे, जन्म, तारुण्य, मृत्यू. ते बरोबरच आहे. वर्गात आम्ही आणखी एक बघितलं: प्रत्येक कडव्यात आधी प्रश्न येतो, मग विणकरांचं उत्तर. प्रश्न विचारणारा रस्त्यावरून जाणारा कोणी आहे आणि विणकर मान वर न करता सांगत आहेत. रंग दुसऱ्या कडव्यात वाढतात, आणि शेवटी रंगच उरत नाही.

माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यांना इंग्रजी येत नाही. मी कविता आधी इंग्रजीत वाचून दाखवली, कारण मॅडमनी सांगितलं होतं की अर्थ न कळणाऱ्यालाही आवाज ऐकवा. मग एकेक कडवं मराठीत सांगितलं. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "तीनच कडवी?"

"हो, तीनच."

"मग बरोबर. तीन पाळ्या आहेत."

मी वही उघडून बसले होते, पेन तसंच हातात राहिलं. आयुष्याच्या तीन अवस्था सगळ्यांना दिसतात, पण पहाट, संध्याकाळ आणि रात्र अशी माणसं तिन्ही वेळा मागावर बसलेली आहेत, हे विणकाम केलेल्या माणसाला आधी दिसलं. आजोबा पुढे म्हणाले की तिसऱ्या पाळीला बोलणं कमी व्हायचं. कवितेतही तिसऱ्या कडव्यातले विणकर गंभीर आणि स्तब्ध आहेत. आता कवयित्रीच्या मनात गिरणीच्या पाळ्या नव्हत्या, त्या हातमागावरच्या विणकरांबद्दल लिहीत होत्या, हे मला माहीत आहे आणि मी उत्तरात तसं लिहिलंही. पण ज्याचे हात दिवसाच्या प्रत्येक वेळी कामात आहेत असा माणूस कवितेत आहे, हे आजोबांनी दाखवल्यावर ती कविता मला कारागिरांची वाटायला लागली. तोपर्यंत ती माझ्यासाठी नुसत्या जन्म-मृत्यूची होती. मॅडमनी त्या उत्तराच्या खाली लिहिलं, "हे तुझं आहे." एवढा आनंद मला टक्क्यांनीही झाला नव्हता.

जुलै २०२३. भरपूर पाऊस, गाड्या उशिरा, अर्धा वर्ग भिजलेला. त्या आठवड्यात आम्ही दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' वाचली. मुंबईच्या बारावीच्या मुलांना ही कविता लावली आहे याचं मला अजून अप्रूप वाटतं. रात्रीची लोकल, डब्यातला पिवळा उजेड, गप्प उभी असलेली माणसं, ओला शर्ट, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, फाटायला आलेली पुस्तकांनी भरलेली पिशवी. वडील गाडीतून उतरतात, फलाट पार करतात, रूळ ओलांडून गल्लीत शिरतात. घरी फिकट चहा आणि शिळी चपाती. मुलं त्यांच्याशी फारसं बोलत नाहीत. मग रेडिओच्या खरखरीत झोप, आणि स्वप्नात पूर्वज, नातवंडं, एका अरुंद खिंडीतून उपखंडात शिरणाऱ्या भटक्या टोळ्या.

रूळ ओलांडण्याच्या ओळीपाशीच वर्ग बोलायला लागला. दिवा स्टेशनहून येणाऱ्या मुलाने तिथल्या रेल्वे फाटकाचं सांगितलं. एकीचे वडील सिक्युरिटीत, ते शेवटच्या गाडीने येतात. गाईडमध्ये या कवितेचं सार होतं: शहरी माणसाचं एकाकीपण आणि पिढ्यांमधली दरी. आम्ही ते वहीत लिहिणार, इतक्यात मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. एरवी तो वर्षभर काही बोलला नव्हता. त्याने मराठीतच विचारलं, "मॅडम, मुलगा तर डब्यात नव्हता. मग वडिलांचे डोळे शून्यात होते हे त्याला कसं दिसलं?"

मॅडम टेबलाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "सापडेल. पुन्हा वाचा, आणि 'मी' कुठे कुठे येतो तेवढंच बघा."

आम्ही वाचलं. 'मी' फार थोड्या जागी येतो, आणि येतो तेव्हा तो बघतोय. गाडीतून उतरताना बघतोय, चहा पिताना बघतोय. डब्यातलं त्याने मनाने रचलेलं आहे. म्हणजे आयुष्यभर ज्याच्याकडे लक्ष दिलं नाही त्या माणसाचा रोजचा रस्ता हा मुलगा आता कल्पनेने पायी तुडवतो आहे. मग माझ्या मैत्रिणीला आणखी एक दिसलं. कविता सुरू होते तेव्हा तो 'माझे वडील' म्हणतो. शेवटाकडे आल्यावर मात्र अबोल, रुसलेली 'त्यांची मुलं' म्हणतो. 'आम्ही' म्हणत नाही. त्या मुलांमध्ये तोही आहे, पण तिथे तो स्वतःला बाजूला काढतो. वर्गात कोणीतरी "अरे" म्हणालं, बस. दोन वर्षांत मी साहित्याबद्दल जे शिकले त्यातलं बरंचसं त्या एका तासात शिकले: कविता काय सांगते हे बघण्याआधी कोण सांगतंय, कुठे उभं राहून सांगतंय, हे बघायचं.

त्यानंतर मॅडमनी चित्र्यांबद्दल सांगितलं. जन्म १९३८, बडोद्याचा. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कविता. तुकारामांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद, 'सेज तुका', १९९१ सालचा. वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे 'अभिरुची' हे वाङ्मयीन मासिक चालवायचे. पुस्तकांनी भरलेली ती पिशवी एकदम ओळखीची झाली. पण मॅडमनी लगेच बजावलं की उत्तरात चरित्र लिहून पान भरायचं नाही. कवितेत पिशवी आहे, तेवढी पुरे.

मी घरी पप्पांना ती वाचून दाखवली. त्यांचं ऑफिस लोअर परळला, येताना करी रोडहून स्लो पकडतात. त्यांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "उभाच आहे का तो? चौथी सीटपण नाही मिळाली?" मग म्हणाले, पिवळा उजेड बरोबर लिहिलाय, पूर्वीच्या डब्यांत तसाच असायचा, आता ट्यूबलाइटचा पांढरा पडतो, त्यात माणूस आणखी दमलेला दिसतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, शिळी चपाती कोणी दिली त्याला, बायको कुठे आहे कवितेत? कवितेत आई नाही, हे मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं, आणि मॅडमनाही तो प्रश्न नवा होता. त्याचं उत्तर आम्हाला सापडलं नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि तो माझ्या वहीत आहे.

उत्तर लिहिणं हा वेगळा भाग. कळलेलं कागदावर इंग्रजीत उतरवायला मला कळण्यापेक्षा जास्त दिवस लागले. मॅडमच्या काही गोष्टी मी अजूनही पाळते. साहित्याबद्दल वर्तमानकाळात लिहायचं: वडील घरी येतात, विणकर उत्तर देतात, डॉक्टर ऐकत नाही. मराठीतून विचार करताना भूतकाळ आपोआप यायचा, तो मुद्दाम थांबवावा लागला. पहिल्या वाक्यात प्रश्नाचं उत्तर यायला हवं, प्रस्तावना नको. प्रत्येक विधानाला कवितेतला आधार हवा. मी एकदा मोठा परिच्छेद लिहिला होता, मुलाला पश्चात्ताप झालाय वगैरे, तर त्यांनी लाल शाईत एवढंच विचारलं, "कुठली ओळ?" ओळ दाखवता आली की विधान उभं राहतं, नाही तर ते खोडायचं. आणि वाक्यं लहान ठेवायची. आठ शब्दांचं बरोबर वाक्य तीस शब्दांच्या लंगड्या वाक्यापेक्षा केव्हाही चांगलं. आम्ही दर आठवड्याला एकेक उत्तर लिहून एकमेकींना द्यायचो, आणि ज्या वाक्याचा अर्थ समोरचीला एका वाचनात लागला नाही ते पुन्हा लिहायचो.

कादंबऱ्यांचे पुस्तकात उतारेच आहेत, आणि उतारा वाचून कादंबरी कळत नाही असं मला ठामपणे वाटतं. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. तिथून मी 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' स्वस्तात आणलं. ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची पैज लावलेला ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग २० ऑक्टोबरला मुंबईत उतरतो, वेळापत्रकाच्या दोन दिवस आधी, आणि त्याच रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याला निघतो. त्याचा नोकर पासपार्तू तेवढ्या वेळात मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन अनवाणी पळतो. पुढे रेल्वे मध्येच संपते आणि हत्ती विकत घ्यावा लागतो. गोष्ट १८७२ सालची आहे, पण प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता रेल्वे १८७० मध्येच जबलपूरला जोडली गेली होती. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा रेल्वेत वडील असलेल्या मुलाला फार आनंद झाला. शेवटी फॉगला एक दिवस जास्त कसा मिळतो हे आमच्या भूगोलाच्या सरांनी समजावलं: पूर्वेला जाताना दर अंशाला चार मिनिटं वाचतात, ३६० अंशांचे २४ तास. हे एकदा कळलं की कथानकाच्या प्रश्नाचं उत्तर पाठ करावं लागत नाही. 'द साइन ऑफ फोर'साठी मी घटनांचा कालक्रम भिंतीवर चिकटवला होता, कारण होम्सच्या गोष्टीत आधी घडलेलं नंतर कळतं आणि परीक्षेत क्रम लावायला सांगतात. ब्रेथवेटचं 'टू सर, विथ लव्ह' मला मनापासून आवडलं. गयानातला काळा इंजिनिअर, लंडनच्या ईस्ट एंडमधली उद्धट मुलं, आणि त्यांना मोठ्या माणसांसारखं वागवायचं ठरवणारा शिक्षक. त्याबद्दल मला फार काही सांगायचं नाही, वाचा.

२१ फेब्रुवारी २०२४, बारावीचा पहिला पेपर, नेहमीप्रमाणे इंग्रजीचा. सकाळी अकराला. मी कविता आणि कादंबरी आधी सोडवली, मन ताजं असताना, मग गद्य आणि शेवटी लेखनकौशल्य, कारण मुलाखतीचे प्रश्न किंवा अपील (आवाहन) दमल्यावरही लिहिता येतं. रसग्रहणाला मी घड्याळ लावून दहा मिनिटं दिली. तोंडी परीक्षेत मला कवितेवरच बोलायला सांगितलं होतं, तिथे मी विणकर आणि आजोबांची तिसरी पाळी सांगितली. बोलताना अडखळले, थांबले, पुन्हा बोलले. बोलायचं काही असलं की थांबायची भीती वाटत नाही.

आता मी बी.ए.ला इंग्रजीच घेतलं आहे. माझी मावसबहीण यंदा अकरावीत आहे, तीही मराठी शाळेतली. शनिवारी दुपारी ती आमच्याकडे येते आणि आम्ही इब्सेनचा उतारा वाटून वाचतो. मी डॉक्टर, ती महापौर. मागच्या शनिवारी तिने वाचता वाचता थांबून विचारलं, "ताई, पण पाणी दुरुस्त करायचा खर्च कोण देणार होतं?" आम्ही दोघी मग तो हिशेब नाटकात कुठे येतो ते शोधत बसलो. पुढच्या वेळी ती पूर्ण नाटक छापून आणणार आहे.